पिवळ्या साबणाचे घरमालक

आमच्या घरमालकांच्या फाटकातून काडीपेटी आत जात नसे. कोणाचीच नाही. फाटकाच्या खांबाला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा तारेने बांधलेला होता. येणाऱ्याने खिशातली काडीपेटी, बिडी, सिगारेट, लायटर जे असेल ते त्या डब्यात ठेवायचं आणि मग आत यायचं. जाताना आपलं आपण घेऊन जायचं. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले होते, तेव्हाही हा नियम सुटला नाही म्हणतात. नवरदेवाचा काका फाटकाशीच अडून बसला. "मी का चोर आहो काजी?"

"चोर नाई, पाहुणे होत," घरमालक म्हणाले. "पण आमच्या गेटावर मोठ्या साहेबाचेही खिसे पाह्यत होते. साहेबानं कधी तोंड वाकडं नाई केलं."

लग्न जमलं. काकांचा बिडीचा कट्टा मात्र डब्यात विसरला, आणि साखरपुड्याच्या दिवशी तो त्यांना सगळ्या मांडवासमोर परत करण्यात आला.

आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणत असू आणि त्यांच्या बायकोला बाई. भाऊ भद्रावतीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. जिथे एका ठिणगीने काय होईल ते सांगता येत नाही अशा ठिकाणी आयुष्य गेलेला माणूस. रोज झडती देऊन आत जायचं, रोज झडती देऊन बाहेर यायचं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना हार घातला, नारळ दिला, घरापर्यंत सोडलं. कारखाना मात्र त्यांच्या अंगातच राहिला. भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की ताटावर बसायचं. वाऱ्याची दिशा बदलली आणि भोंगा ऐकू आला नाही तर बाई वाढलेलं ताट झाकून ठेवत. "भोंगा नाई झाला अजून," असं म्हणून भाऊ उपाशीपोटी ओट्यावर बसून राहत, आणि बाई मला खुणेने सांगत, की बघ, हे असं आहे.

काडीपेटी नाही म्हटल्यावर घरात गॅस कशाने पेटवायचा, हा प्रश्न बाईंनी लग्नानंतर लगेच काढला होता म्हणे. त्यावर बरंच भांडण होऊन शेवटी ठिणगीच्या लायटरला परवानगी मिळाली. कारण त्यात "ठिणगी आहे, पण ज्योत नाई". संध्याकाळी वंदनेच्या वेळी बाई मेणबत्ती गॅसवर पेटवत आणि हाताचा आडोसा करून बैठकीत बुद्धमूर्तीपुढे आणून ठेवत. भाऊ तोवर मूर्तीपुढे उभे, आणि मेणबत्ती स्वयंपाकघरातून निघून जागेवर पोचेपर्यंत त्यांची नजर तिच्यावर. वंदना सुरू झाली की मग डोळे मिटत.

मी चामोर्शीकडची. आमच्याकडे धानाची शेती. नर्सिंग झाल्यावर चंद्रपूरच्या एका दवाखान्यात, नवजात बाळांच्या कक्षात कंत्राटावर लागले. चंद्रपुरात खोली परवडेना, आणि भद्रावतीहून एसटी बरी पडत होती. खोली पाहायला गेले तेव्हा भाऊंनी फाटकातच माझी मुलाखत घेतली.

"काडीपेटी?"

"नाई जी."

"घरी कोणी बिडी ओढते?"

"आबा ओढत होते. वारले."

"मग इथी नाई येणार ते," भाऊ गंभीरपणे म्हणाले आणि फाटक उघडलं. मला हसू आवरेना, पण खोली हवी होती म्हणून आवरलं.

भाऊंचा एक गुण असा, की त्यांची चूक कधी होत नसे. न्हाणीघराचं दार त्यांनी स्वतः बसवलं होतं. ते उलटं बसलं. आत उघडलं की थेट नळाला धडकायचं, त्यामुळे प्रत्येकाला अंग चोरून, आडवं होऊन आत शिरावं लागे. गल्लीतल्या सुताराने एकदा सांगितलं, "भाऊ, बिजागरी फिरवून देतो, काम छोटं आहे." भाऊ म्हणाले, "मुद्दाम तसं ठेवलं आहे. माणूस घाईनं आत शिरला तर घसरते." बाई आतून म्हणाल्या, "चूक झाली म्हणाव, तर जीभ झडते का?" भाऊंनी ते ऐकलं नाही. त्यांना असलं काही ऐकू येत नसे. बाई मला म्हणत, "संसार झाला पोरी माझा पूर्ण, पण यायच्या तोंडातून 'चुकलो' काही निघालं नाई."

मग तो आजार आला. सगळीकडे आला तसा भद्रावतीतही आला. दवाखान्यात जाणारी म्हणून गल्लीत माझ्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. नळावर बायका माझी बादली आपल्या बादलीपासून दूर सरकवत. एके सकाळी कोपऱ्यावरचा किराणावाला दोन-चार जणांना घेऊन फाटकाशी आला. मी आत खोलीत होते, पण सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, सिस्टरले काही दिवस दुसरीकडे पाठवा न. आमच्या घरी म्हातारे आहेत."

"माझ्या घरी म्हातारा नाई काय?" भाऊ म्हणाले. "मी कोण आहो?"

"तसं नाई जी. तुमच्यासाठीच म्हणून राह्यलो."

"माझ्यासाठी म्हणता तर ऐका. तुमची सून बाळंत झाली तेव्हा पोरगं कमी वजनाचं होतं न? काचेच्या पेटीत ठेवलं होतं न? तिथी रात्रभर कोण उभं राह्यलं? अशीच कोणाची पोरगी उभी होती. ती घरी गेली तेव्हा तिच्या घरमालकानं तिले बाहेर काढलं असतं तर?"

किराणावाल्याच्या चपला मागे सरकल्याचं ऐकू आलं.

"फाटक माझं आहे. आत कोण येईन ते मी ठरवतो. अन् आता आले आहा तर नळावर हात धुवा, मग घरी जा."

आणि त्यांनी खरोखरच त्या सगळ्यांना अंगणातल्या नळावर हात धुवायला लावले. ते लोक माझ्या जाण्याची मागणी करायला आले होते, ते ओल्या हातांनी परत गेले. त्या दिवशी मी खोलीत बसून खूप रडले. दुसऱ्या गावात, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या माणसाने माझ्यासाठी असं उभं राहावं, आणि तेही एक शब्द मला न सांगता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की गावी आईला फोन लावून सगळं सांगितलं. आई म्हणाली, "त्यायच्या शब्दाबाहेर जाजो नको."

मी शब्दाबाहेर गेले नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दवाखान्यात आम्हाला सॅनिटायझर मिळत असे. बाळाला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, हातमोजे घालण्याआधी, काढल्यानंतर. एक बाटली मी पर्समध्ये ठेवत असे. भाऊंनी ती फाटकावर अडवली, चष्मा लावून बाटलीवरचं सगळं वाचलं आणि डब्याकडे बोट दाखवलं.

"ज्वलनशील लिहिलं आहे. डब्यात."

"भाऊ, औषध होय जी ते."

"आग औषध म्हणून सोडते का? अन् यात अल्कोहोल आहे. म्हणजे पाचवं शीलही गेलं."

तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती, आणि दारूबंदीसाठी बायकांनी मोर्चे काढले तेव्हा भाऊ त्यांच्या मागे पाण्याचं पिंप घेऊन चालले होते. जन्म दारूगोळ्यात गेला, पण दारूचा थेंब शिवला नाही, अशी त्यांची गल्लीत ख्याती. विहारात भंतेजी आले तेव्हा मी मुद्दाम त्यांच्यासमोर विषय काढला. भंतेजी हसून म्हणाले, शील पिण्याबद्दल आहे, हाताला लावण्याबद्दल नाही. भाऊ हात जोडून म्हणाले, "भंतेजी, सुरुवात अशीच होते." भंतेजींनी पुढे वाद घातला नाही.

खरं सांगायचं तर दारूबंदीत त्या वासाने माझीही पंचाईत केली होती. एकदा एसटीत शेजारच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ बसले. माझ्या हाताचा वास त्यांच्या नाकात गेला. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, कुठी भेटली?" मी बाटली दाखवली तेव्हा बिचाऱ्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. भाऊंना हे सांगितलं तर ते अजिबात हसले नाहीत. "पाह्य," म्हणाले, "मी काय म्हणत होतो?"

तर बाटली फाटकाबाहेर. फाटकाच्या आत हुकूम पिवळ्या साबणाचा. हा साबण भाऊ बाजारातून गठ्ठ्याने आणत. लांबलचक वडी, तिचे ते सुरीने तुकडे करीत. कारखान्यात तेलाचे हात धुवायला असाच साबण असे, आणि त्याने काय वाटेल ते निघतं यावर त्यांचा विश्वास. मी घरी आले की नळावर कढत पाण्याची बादली तयार असे. कधी बाई ठेवत, बहुतेक वेळा भाऊ स्वतः ठेवत. त्या पाण्यात, त्या साबणाने, कोपरापर्यंत हात घासायचे. किती वेळ? तर पूर्ण त्रिशरण होईपर्यंत. 'बुद्धं सरणं'पासून 'ततियम्पि'पर्यंत. भाऊ ओट्यावर उभे राहून खणखणीत म्हणत, आणि मी चूक न करता हात घासत असे. काही दिवसांत मलाही ते पाठ झालं. फोनवर आईला म्हणून दाखवलं तर आई म्हणाली, "बरं आहे वं, हात धुता धुता देवाचं नावही होते." तिला मी समजावत बसले नाही.

गल्लीतही भाऊंनी साबणाचे तुकडे वाटले. कारण सांगताना पहिलं नाव माझं. "सिस्टर पाहा, बाळाच्या दवाखान्यात जाते, हा साबण लावते, काही झालं का तिले?"

झालं होतं. आधी हातांची कातडी ताणल्यासारखी वाटू लागली. मग बोटांच्या पेरांवर लाल चट्टे आले, खाज सुटली, आणि बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या. दवाखान्यात सॅनिटायझर ओतलं की अशी आग व्हायची की डोळ्यांत पाणी यायचं. हातमोजे घातले की आत हात शिजल्यासारखे वाटायचे. सुट्टीत गावी गेले तर आईने माझे हात हातात घेतले आणि उलटे-सुलटे करून पाहिले. "रोवण्याच्या दिवसात आमचे असे होतात, चिखलात राहून. तुझे दवाखान्यात कशानं झाले?"

"सॅनिटायझरनं," मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं. आग त्याची होत होती, मग दोष दुसऱ्या कोणाचा असणार?

भाऊंनाही तसंच वाटत होतं. किंबहुना त्यांना फार आनंद झाला होता. माझे हात पाहून ते आधी हळहळले, आणि मग विजयाने म्हणाले, "दारू आतून जाळते अन् बाहेरूनही जाळते." आणि उपाय म्हणून कढत पाणी जरा जास्त कढत केलं, म्हणजे दवाखान्यातलं जे काही हाताला राहिलं असेल ते पूर्ण निघून जाईल. साबणही दोनदा.

शेवटी इन्चार्ज सिस्टरच्या नजरेला हात पडले. बाळांच्या कक्षाची ती इन्चार्ज, कडक बाई. तिने मला दारातच थांबवलं.

"दाखव. हे काय? यातून रक्त येते."

"सॅनिटायझरनं झालं जी."

"सगळ्याच लावतात सॅनिटायझर. तुझ्याच हाताले काऊन झालं? उघड्या जखमा घेऊन मी तुले बाळाजवळ जाऊ देणार नाई. हात बरे होईपर्यंत बाहेर, लसीकरणाच्या खोलीत बस. नाई झाले तर दुसरी पोरगी घेईन."

मी कंत्राटावर होते. कक्षात माझी जागा गेली तर ती मला पुन्हा मिळण्याची काही खात्री नव्हती. आणि मला तेच काम हवं होतं. माझ्या तळहाताएवढं बाळ, त्याची दोऱ्यासारखी नस, ती एका प्रयत्नात सापडली की जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कुठल्या कामात झाला नाही. त्या संध्याकाळी मी घरी आले ती रडतच. भाऊंनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "उद्या चामड्याच्या डॉक्टरकडे जाऊ. चंद्रपूरला. मी येतो संगं. डॉक्टरच्या तोंडून निघालं की सॅनिटायझर वाईट, मग तुझ्या इन्चार्जले जाऊन सांगू."

दुसऱ्या दिवशी भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार. एसटीत माझ्या मागच्या सीटवर बसले आणि पूर्ण रस्ता डॉक्टरला काय काय सांगायचं याची उजळणी करत राहिले. मला अर्धं अर्धं ऐकू येत होतं.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या, पण बोलण्यात अगदी घरच्यासारख्या. माझे हात त्यांनी दिव्याखाली धरले. भाऊंनी लगेच खटला सुरू केला. सॅनिटायझर ज्वलनशील कसं आहे, त्यात दारू कशी आहे, पोरीचे हात कसे जळले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "घरी हात कशानं धुता?"

मी उत्तर देण्याआधीच भाऊंनी खिशातून कागदात गुंडाळलेला साबणाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. पुरावा म्हणून आणला होता. साबण किती चांगला आहे याचा पुरावा.

डॉक्टरांनी तो हातात घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला. "हा भांड्याले चांगला आहे भाऊ. फरशीलेही चालन."

"कारखान्यात आम्ही याच्यानंच..."

"कारखान्यात हाताले तेल लागत होतं न? ग्रीस?"

"हो जी."

"हिच्या हाताले कायचं ग्रीस आहे?"

भाऊंनी माझ्या हातांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मग मला विचारलं, पाणी कसं असतं, किती वेळ घासता, घासून झाल्यावर काय लावता. मी सगळं सांगितलं. कढत पाणी, त्रिशरण, दोनदा साबण. लावत काहीच नव्हते.

"पण डॉक्टर, आग तर सॅनिटायझरची होते," मी म्हटलं.

"होईनच. जखमेवर मीठ पडलं तर आग मिठाची होते. पण जखम का मिठानं केली?" त्या म्हणाल्या. "कातडीले आपलं तेल असते. कढत पाण्यानं न् या साबणानं ते सगळं निघून गेलं. मग चिरा पडल्या. मग त्यावर सॅनिटायझर. घरी साबण, तिथी सॅनिटायझर, वरून ओल्या हातावर हातमोजे. हात करतीन तरी काय?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. हात दिसायला मळले असतील तरच धुवायचे, सौम्य साबणाने आणि साध्या पाण्याने. नाहीतर नुसतं सॅनिटायझर, पण ते पूर्ण वाळू द्यायचं. एकामागे एक दोन्ही करायचं नाही. कोरड्या हातावरच मोजे. आणि रोज जाडसर मलम, रात्री तर भरपूर. सुजेसाठी एक ट्यूब थोडे दिवस. "हात बरे होतीन," त्या म्हणाल्या. "पण हा साबण बंद."

भाऊंनी साबण कागदात गुंडाळून परत खिशात टाकला. परतीच्या एसटीत त्यांनी उजळणी केली नाही. खिडकीबाहेर पाहत बसले. भद्रावतीला उतरल्यावर एवढंच विचारलं, "मलम घेतलं का?"

घरी मला वाटलं होतं वाद होईल. डॉक्टर लहान आहे, तिला कारखान्याचं काय माहीत, असं काहीतरी. झालं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर नळावर बादली नव्हती. साबण नव्हता. नळाजवळच्या कोनाड्यात मलमाची एक मोठी डबी होती, मी आणलेली नव्हे, नवी. ओट्यावर भाऊ होते, पण माझ्याकडे पाहत नव्हते. गल्लीत त्यांनी आपण वाटलेला साबण परत गोळा केला. कोणी कारण विचारलं तर म्हणाले, "नियम बदलला. वरून आदेश आला." कोणाचा आदेश, कुठून वरून, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. बाई पदराआड हसत होत्या. "पाह्यलं का? साबण गेला, कढत पाणी गेलं, पण 'चुकलो' काही निघालं नाई."

मला खरं तर राग आला होता. थोडासाच, पण आला होता. रात्री मलम लावून, हातांत जुने सुती मोजे घालून झोपताना वाटायचं, की माझी जागा जाते की राहते ते माहीत नाही, आणि या माणसाला 'चुकलो' एवढा एक शब्द बोलायचा नाही. मग किराणावाल्याचा दिवस आठवायचा आणि राग ओसरायचा.

हात हळूहळू बरे झाले. आधी खाज गेली, मग लाली, मग चिरा भरल्या. ज्या दिवशी इन्चार्जला हात दाखवायचे होते त्या सकाळी मी फाटकातून निघाले तर भाऊ इस्त्रीच्या शर्टात माझ्या मागे.

"तुम्ही कायले येता जी?"

"चंद्रपूरले काम आहे."

काय काम ते सांगितलं नाही. दवाखान्यापर्यंत माझ्यासोबत आले आणि कक्षाबाहेरच्या खोलीत भिंतीशी उभे राहिले. मी इन्चार्जसमोर हात पुढे केले. तिने पाहिले, उलटे केले, बोटांची बेचकी उघडून पाहिली.

"आता चांगले आहेत," ती म्हणाली. "पण पुन्हा फुटतीन. तुझं स्वतःच्या हाताकडे लक्ष नाई. मी दुसऱ्या पोरीशी बोलून ठेवलं आहे. तू लसीकरणातच राह्य."

माझे हात तसेच पुढे राहिले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, एक मिनिट."

भाऊ पुढे आले होते. इतर सिस्टर, ओळीत बसलेल्या बाळंतिणींच्या आया, दारातला शिपाई, सगळे पाहत होते. भाऊंनी कारखान्यात साहेबासमोर उभे राहत असतील तसे दोन्ही हात सरळ खाली सोडले.

"हिची चूक नाई. माझी होय."

"तुमची?"

"साबण माझा होता. कढत पाणी मी ठेवत होतो. ही नाई म्हणू शकत नव्हती, कारण राह्यते माझ्या घरी. मले वाटलं मले सगळं समजते. डॉक्टरनं सांगितलं तवा समजलं, की समजत नव्हतं. मी चुकलो. शिक्षा हिच्या हातानं भोगली, अन् आता नोकरीनंही भोगावी, हे काही बरोबर नाई."

ज्या माणसाने उलटं दार सरळ केलं नाही, ज्याच्या बायकोला अख्ख्या संसारात तो शब्द ऐकायला मिळाला नाही, तो माणूस परक्या दवाखान्यात, अनोळखी माणसांपुढे, मान खाली न घालता तो शब्द बोलला होता. माझ्यासाठी.

"पुन्हा नाई होणार?" इन्चार्जने विचारलं. आवाज कडकच होता, पण आधीसारखा नाही.

"साबण बंद केला. गल्लीतूनही वापस आणला. आता डॉक्टर सांगीन तसंच."

इन्चार्जने पुन्हा एकदा माझे हात घेतले, अंगठ्याने तळवा दाबून पाहिला आणि सोडून दिले. "जा आत," ती म्हणाली. "पहिल्या पेटीतल्या बाळाची नस सापडत नाई आहे कोणाले. तू पाह्य."

भाऊ तोवर वळून निघाले होते. शिपायाने त्यांना वाट करून दिली. मी सॅनिटायझर घेतलं, हातांवर चोळलं आणि ते पूर्ण वाळायची वाट पाहत उभी राहिले. आग झाली नाही. इन्चार्ज दाराकडे पाहत होती.

"कोण होत हे तुझे? बाप?"

माझा बाप गावी धानाच्या बांधीत होता, आणि त्याचाही मला अभिमानच आहे. पण त्या वेळी मला दुसरं काही म्हणायचं नव्हतं. बाहेरच्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, "माझे घरमालक होत जी. भद्रावतीचे."

मग कोरड्या हातांवर मोजे चढवले आणि आत बाळाकडे गेले.